फटका कुठून येतो: हर्णैच्या एफसी-१५० वरच्या कामाच्या नोंदी

३ ऑगस्ट

गाडी: महिंद्रा एफसी-१५०, सपाट तोंडाचा ट्रक, इंजिन केबिनच्या आत दोन सीटांच्या मधल्या पेटीखाली. चार सिलेंडरचं हरिकेन पेट्रोल इंजिन, २१९९ सीसी. सोलेक्स कार्बोरेटर, १२ व्होल्ट, पॉइंट-कंडेन्सरचं इग्निशन (पॉइंट उघडले की कॉइलमधून ठिणगी पडते). काम हर्णै बंदरावरून दापोलीला बर्फ आणि मासळीचे क्रेट नेण्याचं. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत गाडी पत्र्याच्या शेडखाली उभी होती, टाकी निम्मी भरलेली.

तक्रारी तीन, आणि त्या वेगवेगळ्या लिहून ठेवल्या:

अ) थंड इंजिन लगेच सुरू होतं, पण वीसेक मिनिटं चाललं की न्यूट्रलवर दम सोडतं आणि बंद पडतं.
आ) चढावर दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की कार्बोरेटरमधून थुंकल्यासारखे फटके येतात. पाऊस पडत असेल तर जास्त.
इ) उतारावर पाय सोडला की सायलेन्सरमध्ये फटाका.

"गाडी फटाके फोडते" एवढ्या सांगण्यावर काम सुरू करू नये. फटका कार्बोरेटरमधून येतो की सायलेन्सरमधून, हे आधी कानाने ऐकून नक्की करायचं. कार्बोरेटरमधून आला तर इनटेक व्हॉल्व उघडा असताना आत आग लागली: ठिणगी चुकीच्या वेळी पडली, इनटेक व्हॉल्व नीट बसत नाही, किंवा मिश्रण इतकं पातळ आहे की ते रेंगाळत जळतं आणि पुढच्या घोटापर्यंत धुमसत राहतं. सायलेन्सरमधून आला तर न जळलेलं पेट्रोल बाहेर गेलं आणि तिथे हवा मिळाल्यावर पेटलं. या गाडीत दोन्ही आहेत, म्हणजे एकच दोष असण्याची शक्यता कमी.

बंदीनंतर गाडी आधी दुसरीकडे दाखवून झाली होती. तिथे कार्बोरेटरचे स्क्रू फिरवले गेलेत. मिक्श्चर स्क्रू सव्वातीन फेरे बाहेर निघाला. नोंद करून तसाच ठेवला. शेवटी त्याच्याकडे यायचं, आत्ता नाही.

४ ऑगस्ट

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमध्ये दाब किती तयार होतो ते. इंजिन गरम केलं, चारही प्लग काढले, कॉइलची वायर अर्थ केली, थ्रॉटल (कार्बोरेटरची झडप) पूर्ण उघडा बांधला, बॅटरी चार्ज करून घेतली. थ्रॉटल बंद ठेवून कॉम्प्रेशन घेतलं तर चारही आकडे खोटे येतात. ही चूक वारंवार होते.

१ नंबर ११८, २ नंबर १२०, ३ नंबर ८६, ४ नंबर ११५ पीएसआय. ३ नंबरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत घेतलं: ९०. ऑइलने आकडा जेमतेम हलला, म्हणजे गळती रिंगांची नाही, व्हॉल्वची आहे.

व्हॅक्यूम गेज (इंजिनाची ओढ पाऱ्याच्या इंचांत दाखवणारं मीटर) इनटेकच्या पोर्टवर जोडला. हर्णै समुद्रसपाटीला आहे, तेव्हा चांगल्या इंजिनाला न्यूट्रलवर १७ ते २१ इंच यायलाच हवं. उंचीची सूट इथे नाही. (आंबोलीसारख्या ठिकाणी दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरायचं.) आला १४, आणि काटा ठराविक तालात तीन-चार इंच खाली झटका देतो. सतत कमी राहणं हे उशिराच्या टाइमिंगचं (ठिणगी उशिरा पडण्याचं) किंवा हवा गळतीचं लक्षण. तालात झटका हे एका व्हॉल्वचं. म्हणजे निदान दोन गोष्टी आहेत, हे गेजनेही सांगितलं.

या इंजिनाची रचना ध्यानात नसेल तर पुढचं काम फसतं. हरिकेन एफ-हेड आहे: इनटेक व्हॉल्व वर हेडमध्ये, रॉकरवर, एक्झॉस्ट व्हॉल्व खाली ब्लॉकमध्ये, बाजूच्या झाकणाआड. वरचं कव्हर उघडून चार व्हॉल्व सेट केले (त्यांच्या दांड्याची फट मापात आणली) आणि "टॅपेट केले" म्हणून गाडी सोडली, असं बऱ्याचदा होतं. बाकीचे चार, जास्त गरम होणारे, तसेच राहतात. कारण सोपं आहे: बाजूचं झाकण मॅनिफोल्डखाली अडचणीत आहे, आणि एफसीमध्ये तर केबिनमधून ओणवं होऊन करावं लागतं.

५ ऑगस्ट

टॅपेट, इंजिन पूर्ण थंड. रात्रभर उभी ठेवली होती.

थंड इंजिनाला इनटेक १८ थाऊ, एक्झॉस्ट १६ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.४६ आणि ०.४१ मिमी). १ नंबर कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून त्याचे दोन्ही व्हॉल्व, मग क्रँक अर्धा फेरा फिरवून ३, आणखी अर्धा फेरा ४, मग २. फायरिंग ऑर्डरच १-३-४-२ असल्याने वेगळं काही पाठ करावं लागत नाही.

इनटेक चारही १६ ते १९ मध्ये. एक्झॉस्ट: १ नंबर १३, २ नंबर १४, ४ नंबर १३. ३ नंबरला फट मोजायचं सर्वांत पातळ, ४ थाऊचं पातंसुद्धा आत गेलं नाही.

न्यूट्रलवर गरम झाल्यावर बंद पडण्याचा मोठा भाग इथे आहे. एक्झॉस्ट व्हॉल्वचा दांडा तापला की लांबतो. थंडीत चार थाऊही फट नसेल तर गरम झाल्यावर व्हॉल्व सीटवर पूर्ण टेकतच नाही. थंड गाडी चांगली चालते, वीस मिनिटांनी एक सिलेंडर निम्मा मरतो, आणि कमी आरपीएमवर बाकीचे तीन त्याला ओढू शकत नाहीत. शिवाय व्हॉल्व आपली उष्णता सीटवर टेकूनच सोडतो. टेकला नाही की जळतो. हेच चार-सहा महिने चाललं असतं तर नवा व्हॉल्व लागला असता. टॅपेट वाजला की सगळ्यांच्या लक्षात येतं, वाजायचा थांबला की कोणाच्याच येत नाही.

बाजूचं झाकण उघडल्यावर आत तेल खाली जायची भोकं दिसतात. त्यात चिंध्या कोंबल्या, तेव्हाच पान्याला हात लावला. एखादा नट खाली गेला तर संप (इंजिनाखालची तेलाची परात) उतरवण्याशिवाय गत नाही. पातळ टॅपेट पाने दोन लागतात. जाड पाना घुसत नाही आणि कडा खातो.

चारही एक्झॉस्ट १६ वर आणले. इंजिन गरम करून परत कॉम्प्रेशन: ३ नंबर १०८. व्हॉल्व जळालेला नाही, फक्त टेकत नव्हता. बाजूच्या झाकणाचं गॅस्केट नवीन कापून बसवलं.

व्हॅक्यूम १५½, तालातला झटका गेला. काटा स्थिर पण अजून खाली.

७ ऑगस्ट

इग्निशन. सकाळपासून पाऊस, काम शेडमध्ये. एका अर्थी बरंच झालं, कारण दोष पावसात वाढतो अशी तक्रार होती.

आधी अंधार केला. पेटीचं झाकण उघडं, इंजिन चालू, पाण्याच्या फवारणीच्या बाटलीने डिस्ट्रिब्युटरच्या (ठिणगी पाळीपाळीने चार प्लगांना वाटतो तो) कॅपवर आणि प्लग वायरींवर हलकं धुकं मारलं. कॅपवर १ आणि ३ च्या मनोऱ्यांमध्ये (वायरी बसतात त्या उंचवट्यांमध्ये) निळी रेघ धावली आणि त्याच क्षणी कार्बोरेटरने फटका दिला. दुसऱ्यांदा मारलं, परत तसंच.

कॅप काढून भिंगाखाली पाहिली: आतल्या बाजूला १ ते ३ केसासारखी काळी रेघ, कार्बन ट्रॅक. पितळी टोकांवर हिरवट मीठ. खाऱ्या वाऱ्यात कॅपवर ओलसर क्षाराचा थर बसतो, करंट त्यावरून सरपटतो, सरपटताना बेकलाइट जाळतो, आणि जळालेली रेघ स्वतःच कायमची वायर बनते. रॉकेलने पुसून किंवा पॉलिश पेपर मारून हा ट्रॅक जात नाही. कॅप बदलायचीच.

फटका कार्बोरेटरमधूनच का, हे फायरिंग ऑर्डरवरून कळतं. १ ची ठिणगी पडते तेव्हा ३ नंबरचा पिस्टन खालच्या टोकाला असतो, मिश्रण ओढून नुकतंच झालेलं, इनटेक व्हॉल्व अजून उघडा. १ चा करंट ३ मध्ये शिरला की ते सगळं ताजं मिश्रण उघड्या व्हॉल्वमधून मागे पेटत जातं. उलट १ चा करंट २ नंबरमध्ये शिरला असता तर काहीच ऐकू आलं नसतं, कारण २ मध्ये त्या वेळी जळून झालेला धूर असतो. म्हणून ट्रॅक कोणत्या दोन मनोऱ्यांत आहे ते पाहायचं. ऑर्डरमधल्या पुढच्या सिलेंडरकडे गळती असेल तर फटका, मागच्याकडे असेल तर नुसतं मिसिंग.

कॅप, रोटर, चारही प्लग वायरी नवीन. वायरी क्लिपमध्ये एकमेकींना न चिकटता बसवल्या. कॅपच्या आतून कापडाने पुसलं, बोट लावलं नाही. नवीन कॅपला बाहेरून सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात, आणि प्रत्येक मनोऱ्याच्या रबरी टोपीत थोडं. किनाऱ्यावरच्या गाडीला दर पावसाळ्याआधी हे करावं.

पॉइंट: गॅप ११ थाऊ निघाली, पाहिजे २० (०.५ मिमी). एका पॉइंटवर टेकाड, दुसऱ्यावर खड्डा. फायबरची टाच झिजली की गॅप कमी होते, आणि गॅप कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतात, म्हणजे टाइमिंगही उशिरा. टाइमिंग लाइटने पाहिलं: टीडीसीनंतर (पिस्टन वरच्या टोकाला पोचल्यानंतर) ४°. नवीन पॉइंट २० थाऊवर बसवताच टाइमिंग आपोआप टीडीसीआधी १° पर्यंत आलं, डिस्ट्रिब्युटर हलवलेला नसताना. म्हणून पॉइंट आधी, टाइमिंग नंतर. उलटं केलं तर दोन्ही परत करावी लागतात. टाच घासते तिथे कॅमला बाजरीच्या दाण्याएवढं ग्रीस. जास्त लावलं तर उडून पॉइंटवर येतं.

शाफ्टला बाजूला हलवून पाहिलं, बुशात जाणवेल असा खेळ नाही. खेळ असता तर २० थाऊ लावूनही गॅप चालत्या इंजिनात बदलत राहिली असती आणि बाकीची मेहनत वाया गेली असती.

वजनांचा अ‍ॅडव्हान्स: वेग वाढला की डिस्ट्रिब्युटरमधली दोन वजनं ठिणगी आगाऊ करतात. रोटर हाताने फिरवून सोडला तर झटक्यात परत यायला हवा. हा सुस्त परतला. प्लेट उचलल्यावर वजनांच्या खिळ्यांवर गंज. घासून, पातळ तेलाचे दोन थेंब. या डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स नाही, सगळं या दोन वजनांवर. ती अडकली तर चढावर टाइमिंग मागेच राहतं, पिकअप जातो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तापून लाल होतो.

टाइमिंग टीडीसीआधी ५°, न्यूट्रलवर, ६०० आरपीएमला. रोटर वरून पाहता घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून बॉडी घड्याळाच्या दिशेने वळवली की टाइमिंग आगाऊ होतं. १५०० च्या वर नेऊन खूण सहज पुढे सरकते का ते पाहिलं. सरकते, आणि परतते.

प्लग ३० थाऊ (०.७५ मिमी). जुने चारही ४० च्या वर गेले होते.

व्हॅक्यूम १७½.

८ ऑगस्ट

करंट कॉइलपर्यंत पूर्ण पोचतो का. कालच बघायला हवं होतं, अंधाराच्या तपासात वेळ गेला.

इग्निशन ऑन, पॉइंट मिटलेले. बॅटरीवर १२.४ व्होल्ट, कॉइलच्या पॉझिटिव्हवर १०.२. वाटेत २.२ व्होल्ट गायब. मीटरचं एक टोक बॅटरीवर ठेवून दुसरं एकेका जोडावर नेत गेलो: डॅशवरच्या अ‍ॅमीटरच्या बोल्टवर १.३ चा फरक, इग्निशन स्विचवर आणखी ०.७, उरलेले ०.२ वायरीत. अ‍ॅमीटरच्या दोन्ही बोल्टांवर हिरवं पीठ. घासून नवे थिंबल लावले. स्विच बदलला. आता कॉइलवर १२.१.

इंजिन ते चासी अर्थ पट्टा: स्टार्टर फिरवताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरी निगेटिव्हमध्ये ०.६ व्होल्ट. ०.२ च्या आत यायला हवं. पट्टा बाहेरून ठीक, पण चासीच्या बोल्टाखाली रंग आणि गंज. जागा खरवडून उघडी केली, पट्टा बसवून वरून ग्रीस. आता ०.१५.

कॉइल प्रायमरी ३.२ ओहम, गरम झाल्यावर ३.५, सेकंडरी ८.४ किलोओहम. हा बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट आवरणारा रोध) नसलेल्या कॉइलचा आकडा आहे, आणि या गाडीला बॅलास्ट नाहीच. दीड ओहमची कॉइल आणून विना-बॅलास्ट लावली तर पॉइंट जळतात आणि आठवड्यात परत हाच खेळ. कंडेन्सर ०.२२ मायक्रोफॅरड, ठीक. पण पॉइंटबरोबर नवा लावलाच, जुना डब्यात राखीव. नव्या कंडेन्सरमध्ये हल्ली पहिल्याच दिवशी खराब निघणारे पुष्कळ असतात, म्हणून चालणारा जुना फेकू नये.

दुपारी रिकामी गाडी आसूदच्या चढावर. पावसात. कार्बोरेटरचा सटकन येणारा फटका गेला. पण चढ संपता संपता गाडी भुकेली झाल्यासारखी ओढ सोडते, दोन-तीन वेळा पातळ "फुस्स" करते आणि सपाटीवर न्यूट्रल केलं की बंद पडते. पाच मिनिटं थांबल्यावर सुरू. इथून पुढे पेट्रोल.

१० ऑगस्ट

टाकीच्या तळाच्या बुचातून काचेच्या बरणीत पहिलं लिटर काढलं. तासभर ठेवल्यावर दोन थर: वर पेट्रोल, खाली साडेतीन सेंटिमीटर गढूळ पिवळट पाणी, तळाशी गंजाचा चिखल.

हा नुसता पावसाचा थेंब नाही. आताच्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला दमटपणा ओढतं. एका मर्यादेपर्यंत पाणी त्यात विरघळून राहतं. मर्यादा ओलांडली की पाणी एकटं खाली बसत नाही, इथेनॉललाही घेऊन बसतं. निम्मी रिकामी टाकी जून-जुलैच्या हवेत दोन महिने उभी: दिवसा तापते, रात्री निवते, दर वेळी ओली हवा आत घेते. पंप खालचा थर ओढतो तेव्हा इंजिनाला पाणी-अल्कोहोल मिळतं आणि ते मरतं.

उरलेल्या वरच्या पेट्रोलची तपासणी: १०० मिलीच्या मोजपात्रात १० मिली पाणी, वर १०० च्या खुणेपर्यंत पेट्रोल, दोन मिनिटं हलवून ठेवलं. पाण्याचा थर १० वरून १७ वर आला. म्हणजे ९० मिलीत सात मिली इथेनॉल उरलंय. पंपावरच्या ताज्या पेट्रोलने तीच चाचणी केली तर थर २८ च्या आसपास गेला. बाकीचं इथेनॉल तळाला बसलेलं. टाकीतलं सगळं काढून टाकलं. हे पेट्रोल गाळून परत वापरू नये: इथेनॉल निघून गेल्याने त्याचा ऑक्टेनही खाली येतो. सामान धुवायला ठेवलं.

टाकी उतरवली. दोन मूठ बारीक खडी आणि साखळीचा तुकडा घालून, पाण्याने हलवून, चार वेळा. मग पाणी निथळून, शेवटी पेट्रोलने खंगाळून उन्हात. ऊन कुठलं, हॅलोजनपासून आठ फुटांवर पंखा लावून दिवसभर. टाकीच्या तोंडापाशी दिवा किंवा ग्राइंडर आणू नये, धुतलेल्या टाकीतही वाफ असते.

११ ऑगस्ट

टाकी ते पंप रबरी नळी. बाहेरून बरी दिसते, दाबल्यावर मऊ. उभी चिरली: आतला थर फुगून भोक अर्ध्यावर आलेलं, एका जागी आतून सुटलेली झडप लोंबते. सक्शनची बाजू असल्याने पंपाने जोरात ओढलं की झडप मिटते. न्यूट्रलवर पुरवठा पुरतो, चढावर पाच-सात मिनिटांत कार्बोरेटरची वाटी रिकामी होते, मिश्रण पातळ होऊन "फुस्स" येतं, थांबल्यावर वाटी परत भरते. ८ तारखेला चढावरची लक्षणं अशीच होती. जुनं रबर इथेनॉल सोसत नाही, आणि नळी फुटत नाही म्हणून कोणाला संशय येत नाही. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी तुकडे इथेनॉल चालणाऱ्या नळीचे केले. पंपाचा डायफ्रॅमही कडक आणि सुरकुतलेला, किट लावला.

नवीन नळी लावण्याआधी पंपाचा दाब दीड पीएसआय होता. आता ३¼. हरिकेनला अडीच ते पावणेचार पुरतो. पाचच्या वर गेला तर फ्लोटची सुई उचलली जाऊन वाटी ओसंडते, म्हणून गाडीला बाजारातला इलेक्ट्रिक पंप जोडायचा सल्ला मिळाला तर आधी दाब मोजावा. प्रवाह: न्यूट्रलवर मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त.

पंपाआधी काचेच्या वाटीचा फिल्टर. कागदी फिल्टरपेक्षा हा इथे बरा: पाणी तळाला बसलेलं दिसतं.

१२ ऑगस्ट

आता कुठे कार्बोरेटर. उघडल्यावर वाटीच्या तळाशी पांढरं-हिरवट मऊ पीठ. जस्ताच्या मिश्रधातूवर पाणी-इथेनॉल बसलं की असंच होतं. आयडल जेट जवळजवळ बंद. मिक्श्चर स्क्रू सव्वातीन फेरे बाहेर का काढावा लागला, याचं उत्तर मिळालं: जेटमधून पेट्रोल येत नव्हतं, म्हणून कोणीतरी स्क्रू सोडत गेला.

जेटमध्ये तार घालायची नाही. पितळेचं भोक तारेने मोठं आणि लांबट होतं. क्लीनरमध्ये रात्रभर, मग हवा, अडलंच तर ब्रशचा नायलॉनचा केस. सोलेक्स जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो: १२५ म्हणजे १.२५ मिमी. मेन जेटवर १२५ च आहे.

थ्रॉटलचा दांडा: बुशात बाजूला हलतो. चालत्या इंजिनात दांड्याच्या टोकांवर कार्बोरेटर क्लीनरचा छोटा फवारा मारला (एक्झॉस्टपासून लांब, बाटलीची नळी लावून), आरपीएम लगेच बदलला. हवा इथून शिरते. नवं बुश बसवून ते दांड्याच्या मापाला रीम केलं (आतून कोरलं). लेथवाल्याकडे अर्धा दिवस.

तळाची फ्लँज काचेवर ठेवली तर एका कोपऱ्याखाली ६ थाऊचं पातं जातं. बोल्ट कोणीतरी ओढून आवळलेत. काचेवर १२० चा एमरी पेपर पसरून आठच्या आकड्यात घासत सपाट केली. खाली कागदी गॅस्केटऐवजी जाड बेकलाइटचा तुकडा, दोन्ही बाजूंना पातळ गॅस्केट. एफसीमध्ये इंजिन पेटीत कोंडलेलं असल्याने गाडी थांबल्यावर कार्बोरेटर जास्त तापतो, आणि इथेनॉल ७८° सेल्सिअसलाच उकळतं. बंदरावर बर्फ भरायला दहा मिनिटं इंजिन बंद ठेवून परत सुरू होत नाही, ती तक्रार पूर्वीपासूनची होती. मूळ अभियंत्याने इथे उष्णता अडवणारा तुकडा दिला होता की नाही हा वाद निरर्थक आहे; आता तो हवा.

इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट शोधत बसू नये. या इंजिनात इनटेकचा मार्ग हेडमध्येच ओतलेला आहे, वेगळं मॅनिफोल्ड नाही. हवा गळायच्या जागा मोजक्याच: कार्बोरेटरची फ्लँज, थ्रॉटलचा दांडा, वायपर-व्हॅक्यूमची नळी आणि क्रँककेसच्या हवेचा व्हॉल्व. तो शेवटचा काढून हलवला, आतली गोळी वाजत नव्हती, चिकटून उघडी राहिलेली. साफ केल्यावर वाजते. उघडा अडकलेला हा व्हॉल्व म्हणजे न्यूट्रलवर सतत उघडं भोक.

फ्लोट हलवून आत पेट्रोल आहे का ऐकलं, कोरडा. सुई आणि सीट नवीन. अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा फवारा: इंजिन बंद ठेवून वरून पाहत थ्रॉटल ओढला, धार लगेच आणि सलग. ती उशिरा आली असती तर पाय दाबताच खोकला आला असता, आणि त्यालाच लोक "उलटा फायर" म्हणतात.

१३ ऑगस्ट

सेटिंग. इंजिन पूर्ण गरम, चोक पूर्ण उघडा आहे याची डोळ्याने खात्री, केबलवर विश्वास नाही.

मिक्श्चर स्क्रू हलकेच आत टेकवून दीड फेरा बाहेर, तिथून व्हॅक्यूम गेज पाहत. सर्वांत वरचा आकडा येतो तिथून आठवा भाग फेरा बाहेर. इथेनॉलच्या पेट्रोलवर इंजिनाला थोडं जास्त लागतं, म्हणून आत घेण्यापेक्षा बाहेर बरं. स्थिरावला एक फेरा आणि पाऊण वर. व्हॅक्यूम १९, आरपीएम ६००.

मेन जेटचा हिशोब: निव्वळ पेट्रोलला हवेचं वजनी प्रमाण १४.७, वीस टक्के इथेनॉलवाल्याला साधारण १३.५. म्हणजे त्याच जेटवर मिश्रण आठेक टक्के पातळ. भोकाचं क्षेत्रफळ आठ टक्के वाढवायला व्यास चार टक्के पुरतो: १२५ चा १३०. लावला. जुनी गाडी जुन्या जेटवर चढाला "पेट्रोल बेकार" म्हणून शिव्या खाते, त्यातलं बरंचसं एवढंच आहे. प्लगचा रंग पाहून ठरवायची सवय इथे फसवते; इथेनॉलवर प्लग एरवीपेक्षा पांढराच दिसतो.

१४ ऑगस्ट

सायलेन्सरचा फटाका उरला होता. कमी झाला आहे, गेलेला नाही. उशिराच्या टाइमिंगमुळे जळणं एक्झॉस्टपर्यंत लांबत होतं, तो भाग संपला. उरलेल्याचं कारण बाहेरून आत जाणारी हवा.

शेपटीच्या नळीवर जाड ओलं फडकं धरलं. मॅनिफोल्ड आणि पुढच्या पाइपच्या जोडावर सू-सू, आणि जोडाभोवती काजळीचा पंखा. पाय सोडल्यावर एक्झॉस्टमध्ये क्षणभर ओढ तयार होते, या फटीतून हवा आत जाते आणि न जळलेल्या मिश्रणाला भेटते. पाइपची फ्लँज खाऱ्या वाऱ्याने खाऊन कागद झाली होती. नवी वेल्ड केली, नवं गॅस्केट, पितळी नट. लोखंडी नट पुढच्या पावसापर्यंत स्टडशी एकजीव होतात आणि स्टड तुटतो. नट आलटून पालटून तीन टप्प्यांत, मग गरम करून निवल्यावर परत एकदा.

ड्रायव्हरला एक सांगून झालं: उतारावर पेट्रोल वाचवायला गिअरमध्येच चावी बंद करून खाली आल्यावर परत चालू करायची सवय सोडावी. बंद चावीच्या काळात इंजिन पेट्रोल ओढतच असतं, ते सायलेन्सरमध्ये जमतं, आणि चावी फिरवताच सायलेन्सरचं पोट फाटतं. दिवसाला एकदा जरी केलं तरी नवी फ्लँज फार दिवस राहायची नाही.

१६ ऑगस्ट

चाचणी. पूर्ण भार, बर्फासकट क्रेट, हर्णै ते दापोली आसूदमार्गे. मुसळधार, त्यामुळे कॅपची परीक्षा झाली. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलला ओढ शेवटपर्यंत टिकली, "फुस्स" नाही. दापोलीत बाजारापाशी पंधरा मिनिटं न्यूट्रलवर ठेवली, ६०० वरून हलली नाही. बंद करून दहा मिनिटांनी सुरू, पहिल्या फेऱ्यात. उतरताना दोन लहान पुसट आवाज, फटाका म्हणण्याइतके नाहीत. फिल्टरच्या काचेत पाणी नाही, तळाला लाल धूळ थोडी, टाकीतली उरलेली. काच धुतली.

३० ऑगस्ट

पाचशेच्या आसपास किलोमीटर झाल्यावर फेरतपासणी. पॉइंट १९ थाऊ, नवी टाच बसताना एवढं होतंच. परत २०, टाइमिंग तपासलं, ५°. मॅनिफोल्डचे नट अर्धा फेरा घेतले.

एक्झॉस्ट टॅपेट थंडीत: १, २, ४ सोळाच. ३ नंबर १४. कॉम्प्रेशन १०६. पाचशे किलोमीटरमध्ये दोन थाऊ हे जास्त आहे: त्याची सीट किंवा व्हॉल्वचं तोंड झिजत चाललंय. १६ वर परत आणलं. पुढचं माप आणखी पाचशेवर, इंजिन थंड असताना. तेव्हाही १४ किंवा कमी निघालं तर हेड उतरवून ३ नंबरचा व्हॉल्व आणि सीट दोन्ही बघायची. नुसता टॅपेट सोडत जाण्यात अर्थ नाही. हेड गॅस्केट आणि एक एक्झॉस्ट व्हॉल्व आणून ठेवायला सांगितलं आहे. टाकी रोज संध्याकाळी भरून उभी करायची, निम्मी नाही.